कोपरा फाटलेलं कार्ड

नव्या पेंढ्याचा वास आला की ती दुपार आठवते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गावाहून कार्ड आलं, त्याचा कोपरा फाटलेला होता. आमच्याकडे मयताची बातमी अशीच धाडतात, आणि आई तर तापानं अंथरुणाला खिळलेली. कार्ड न वाचताच मी गाडी पकडली, कर्जतला उतरलो आणि उन्हातून बांधाबांधानं धावत सुटलो. घराशी पोचेपर्यंत मनात तिरडी बांधून झाली होती. आई खळ्यात भात पाखडत होती. "असा अवचित कसा रं?" मी कार्ड पुढे केलं. वडील म्हणाले, "कोपरा वासरानं खाल्ला. आत काय लिवलंय ते वाचलंस?" मी नकारार्थी मान हलवली. "कालेजात वाचाया शिकवत नाय काय?" मग मी वाचलं : आईचा ताप उतरला, काळजी नसावी. मन अजूनही आधी वाईटाकडेच धावतं. पण आता मी त्याला थांबवतो, निदान तसा प्रयत्न करतो.