मांडवामागचा जनरेटर

मांडवात लाइट लावणाऱ्याला जेवण शेवटच्या पंगतीला मिळतं. किस्से मात्र पहिल्या पंगतीपासूनच पदरात पडतात! पोलादपुरात आम्ही तिघं होतो. मालक शिवरामदादा, जनरेटर सांभाळणारा दत्तू आणि वायरी ओढणारा मी.

*

बॅटऱ्यांत ॲसिड भरून दत्तू तसाच वरंधला मुलगी बघायला गेला. पँटवर शिंतोडे उडाले होते. पाटावर बसायला वाकला आणि पँट मागून टरकन फाटली!

आतून मुलीचा, म्हणजे सुमनचा, आवाज आला, "आये, ह्याला शिवून देनारं कोन नाय वाटतं!"

लग्न ठरलं.

*

शिवरामदादा पेटती बिडी तोंडात धरूनच बॅटरीचं पाणी बघायला वाकायचे. दत्तू ओरडायचा, "दादा, ग्यास असतो त्यात!"

एका लग्नात बॅटरी तोंडावरच फुटली. दत्तूनं पिण्याच्या पाण्याची हंडी उचलली आणि सगळी त्यांच्या डोळ्यांवर ओतली. एक डोळा गेला, एक वाचला.

महाडच्या दवाखान्यात दादांनी पहिलं काय विचारावं? "वऱ्हाडाला मग प्यायला काय दिलंस रे?"

*

एका वाडीत पाऊस आला. नवऱ्याचा मामा म्हणाला, "जनरेटर गोठ्यात घ्या."

दत्तू म्हणाला, "धूर कोंडंल. गुरं मरतील."

"गुरं बाहेर काढू!"

"आन् मी?"

सगळे हसले. दत्तू भर पावसात जनरेटरवर पत्रा धरून उभा राहिला.

*

पुढच्या मोसमात एका गावात दत्तू पंगतीला बसला होता. सर आली म्हणून चौघांनी, भल्यासाठीच, चालू जनरेटर उचलून मागच्या खोलीत ठेवला आणि दार लोटलं. खोलीत घरचा म्हातारा झोपलेला.

दत्तूला कळलं तसा तो हात न धुताच धावला. म्हाताऱ्याला ओढून बाहेर आणलं. मला हाक मारली, "बंद करतो रे! बत्ती पेटवून ठेव!" आणि पुन्हा आत गेला.

मी बत्ती पेटवली. दिवे विझायची वाट बघत राहिलो.

दिवे विझलेच नाहीत.

म्हातारा वाचला.

*

पुढं कैक वर्षांनी दत्तूच्या आणि सुमनवहिनींच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर होतं. मी जनरेटर लांब, उघड्या शेतात मांडला होता. अंतरपाट धरला तरी वहिनी माझ्यापाशीच उभ्या.

"वहिनी, आत जा. सगळे खोळंबलेत."

"तुमी एकलेच हाव ना हितं?"

"मी बघतो सगळं. तुम्ही जा."

"तो पन असाच म्हनायचा."

मांडवातून 'सावधान' ऐकू आलं. वहिनींनी तिथूनच अक्षता टाकल्या.