जहाजावर उचललेला भंडारा

आमच्या दूध संघाच्या चेअरमनची निवड आठ दिवसांवर आली आणि आम्हा सहा संचालकांना सहलीवर नेण्यात आलं. आमच्याकडे ही रीतच आहे. अकरांतले सहा ज्याच्याकडे, तो चेअरमन. मग ते सहा फुटू नयेत म्हणून त्यांना लांब नेऊन ठेवायचं. आधीच्या खेपेला गोव्यात ठेवलं, तर विरोधकांच्या गाड्या हॉटेलच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. म्हणून या वेळी आमच्या गटाच्या पुढाऱ्यांनी, सहांतलेच एक आणि चेअरमन व्हायला निघालेले, सगळे ज्यांना दादा म्हणायचे त्यांनी, मुंबईहून लक्षद्वीपला जाणारं जहाजच गाठलं. "समुद्रातून कोण पळून जातंय?" असं त्यांचं म्हणणं.

इकडे शिरूरच्या बाजूला माणसं टँकरची वाट बघत बसलेली, आणि आम्ही निघालो समुद्र बघायला. लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मला दादांकडून एक काम करून घ्यायचं होतं. गावात चाऱ्याची काडी उरली नव्हती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, मागे म्हातारी माणसं गुरं सांभाळत होती. त्या वर्षी आमच्याकडच्या चारा छावण्या संघच चालवत होता, आणि छावणी कुठल्या गावाला द्यायची हे चेअरमनच्या शब्दावर होतं. निघताना बायकांनी मला वेशीत अडवून बजावलं, "छावणी घेतल्याबिगर येऊ नका."

माझ्या हातात हत्यार एकच. दादांच्या खिशात खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी होती. ती हळद ज्यानं चिमटीत उचलली, त्याचं मत बांधलं गेलं. मग कुणी काहीही देऊ केलं तरी फिरायचं नाही. तिघांनी घरून निघतानाच भंडारा उचलला होता. राहिलो होतो मी आणि शेजारच्या गावचे म्हातारे संचालक, अण्णा. अण्णा कमी बोलायचे, जास्त करून मानच हलवायचे. छावणीचा शब्द मिळेपर्यंत पुडीला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं होतं. दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा दादा म्हणाले, "बघू की."

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला जहाजावरची एक मुलगी कागद घेऊन आली. उद्या जहाज एका बेटाजवळ थांबणार, तिथल्या पाच सहलींपैकी आपापली निवडा, म्हणाली. दादांचं तोंड बघण्यासारखं झालं. माणसांना जहाजावरून उतरवून वेगवेगळ्या बोटींतून नेतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं!

मग तिथंच मीटिंग. सूचक, अनुमोदक, सगळं साग्रसंगीत. एकाला पाण्याखाली बुडी मारायची होती, कारण त्याच्या व्याह्यानं तसा फोटो काढला होता. याला पोहता येत नव्हतं. दुसरा काचेच्या तळाच्या बोटीवर अडून बसला. तिसरा त्या मुलीला पुन्हापुन्हा विचारत होता, बेटावर देऊळ कुठंय. दादांचा हेका एकच, "कुठं बी जाऊ, पर समदे एका बोटीत." दीड तास हे चाललं. इडल्यांचे दगड झाले. तालुक्याचा कारभार ही माणसं कशी हाकत असतील, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

मी मुलीला विचारलं, गावफेरीत काय दाखवतात? ती म्हणाली, नारळाच्या बागा, शाळा आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडून समुद्र, पण विहिरीत हात घातला की पिण्याचं पाणी लागतं.

"मी गावफेरीला जाणार," मी म्हणाले.

"ताई, इहीर बघायला जहाजात कशाला बसायचं?" दादा म्हणाले. "आपल्याकडं इहिरी न्हाईत का?"

"हायत की. पाणी न्हाई त्यात."

सगळे हसले. बुडीवाला म्हणाला, "बायामाणसाला घागरीबिगर दुसरं काय सुचणार?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गावफेरी न्हाई, तर माझं मत बी न्हाई!"

दादा मुरलेले पुढारी. त्यांनी सावकाश खिशात हात घातला. "ठरलं. समदे गावफेरीला. तुमचंच खरं, ताई. आता उचला भंडारा."

आणि मी उचलला. रागात होते, शिवाय पाच पुरुषांना नमवल्याचा तोरा होता. अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पपईची फोड तोंडात टाकली.

सकाळी बेटावर विहीर बघितली. एका बाईनं वीतभर दोरीनं बादली बुडवली आणि माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. गोड होतं. डोळे भरून आले, आणि तशातच लख्ख कळलं की मी काय करून बसले. तशीच ओल्या हातांनी दादांकडे गेले. "दादा, आमच्या छावणीचं..."

ते शहाळं पीत होते. "बघू की, ताई. आता तर तुमचं ऐकलं!"

अण्णांनी अजून कशाचाच हट्ट धरला नव्हता. परतीच्या दिवशी ते अर्धा तास दादांच्या खोलीत बसले, बाहेर आले तेव्हा त्यांच्या बोटांना हळद होती. मी शब्दाला जागून मत दिलं, दादा चेअरमन झाले, आणि पंधरवड्यात अण्णांच्या गावाला छावणी मंजूर झाली.

आमची तीन जनावरं घेऊन सासरे आणि मी चार कोस चालत तिथं गेलो. अण्णा स्वतः पुढे आले, सावलीतली जागा दाखवली आणि म्हणाले, "बांधा ताई, घरचीच छावणी हाय."