दार नसलेली गाडी

परग्रहावर चालेल अशी एक गाडी मी फोम शीटची बनवत होतो. सहा चाकं झाली, पण पुढचं गोल नाक काही केल्या जमेना. हेअर ड्रायरनं गरम केलं की फोम हवा तसा वाकायचा. पण चपला चिकटवायच्या सोल्यूशननं जोडलेली कड बदनापूरच्या उन्हात दुपारपर्यंत पुन्हा उकलायची. दोन नाकं वैतागून फेकून दिली. तिसरं टिकलं, तेव्हा गाडी आईसमोर ठेवली.

तिनं ती सगळीकडून फिरवून पाहिली. "चांगली केलीस. पण माणूस आत कुठून जातो?"

दाराचा मी विचारच केला नव्हता.

"आई, खेळण्यातली गाडी आहे ही," मी चिडून म्हणालो.

"मंग खेळण्यातला माणूस कुठून जातो?"

बाजूला चाकं आडवी येत होती, म्हणून नाकातच दार कापायला घेतलं. व्हायचं तेच झालं. जोडलेली कड उकलली आणि नाक एका अंगाला बसलं. कटर आपटून मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

परत आलो तर आई ते नाक दोन्ही तळव्यांत धरून बसली होती.

"जल्दी सोल्यूशन लाव," ती म्हणाली. "हात दुखून राह्यलेत माझे."