कॉपीत एक मेल जास्त

कुणी भुताखेताच्या गोष्टी काढल्या की त्याची टिंगल करणारा मीच असतो. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण कुठेतरी सांगायला हवं.

मी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये क्वालिटीला आहे. माझ्याबरोबर गायकवाड होता. नऊ वर्षं आम्ही एकाच टेबलावर डबा खाल्ला. शिफ्ट बदलायची आमच्याकडे एक पद्धत आहे — तोंडी हो म्हटलेलं धरत नाहीत. समोरच्याने मेलवर 'ओके' लिहिलं, तरच शिफ्ट त्याची.

चार वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दुपारी गायकवाडचा मेल आला. 'उद्याची फर्स्ट शिफ्ट तू कर. पोरीला शाळेत बक्षीस आहे. ओके कळव.' शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीची क्रिकेट मॅच होती. मी मेल वाचला आणि उत्तर दिलं नाही. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून गप्प बसलो. शनिवारी कंपनीत येताना पुणे-नाशिक रोडवर कंटेनरने त्याच्या बाइकला उडवलं. जागेवरच गेला.

त्यानंतर मी सेंट आयटम्स किती वेळा उघडून पाहिले, सांगता येणार नाही. वाटायचं, चुकून तरी ओके गेला असेल. नव्हताच गेला. त्याच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला मागच्या रांगेत बसून आलो, त्यानंतर त्याच्या घरी, वहिनींकडे पाऊल टाकलं नाही.

गेल्या महिन्यात मला नवा लॅपटॉप मिळाला. आयटीच्या मोरेने माझ्या जुन्या मेलची अर्काइव्ह फाइल त्यात टाकून दिली. जेवणानंतर मी सगळं नीट आलंय का बघत होतो. गायकवाडचा मेल दिसला. त्यावर रिप्लाय दिल्याची खूण होती — शुक्रवार, संध्याकाळचे पाच चाळीस. सेंटमध्ये गेलो, तिथेही होता. दोनच अक्षरं. ओके.

अंगावर काटा वगैरे काही आला नाही. मी पाणी प्यायलो आणि मोरेला बोलावलं. जुना कॉम्प्युटर अजून स्टोअरमध्येच होता, तो त्याने लावून पाहिला. त्यात तो मेल नव्हता. मग त्याने दोन्हीकडचे मेल मोजले, तर नव्यात एक जास्त. पुन्हा कॉपी केली. पुन्हा एक जास्त.

"कॉपी करताना मेल गहाळ होतो राव," मोरे म्हणाला, "वाढतो कसा?"

रविवारी मी चिंचवडला वहिनींकडे गेलो. खरं सांगतो, माफी मागायला नाही गेलो. मेल आहे म्हणजे माझ्याकडून कसूर झाली नव्हती, एवढंच ऐकवून मोकळं व्हायचं होतं. वहिनींनी चहा टाकला. इतक्या वर्षांत का आला नाहीत, हे विचारलं नाही.

"वहिनी, त्या शनिवारी मी शिफ्ट करणार होतो," मी म्हणालो. "माझा ओके त्याला मिळालाच नसेल."

"मिळाला होता की, भाऊजी. शुक्रवारी संध्याकाळी मोबाइलवर दाखवला मला त्यांनी."

मी कप खाली ठेवला. "मग गेला कशाला तो?"

"मी पण तेच विचारलं. बूट घालत होते. म्हणाले, लिहिलंय त्यानं, पण तो काय यायचा नाही. मॅच आहे त्याची. आपण नसलो तर लाइन बंद पडेल."

वहिनी हे अगदी सहज बोलल्या, भाजी काय केली ते सांगावं तसं. मग कप उचलून आत गेल्या. भिंतीवर पोरीचा बक्षीस घेतानाचा फोटो होता, पुढच्या कुठल्यातरी वर्षीचा.

मोरे म्हणतो, सॉफ्टवेअरची गडबड असेल. असेल. पण चार वर्षांपूर्वी गायकवाडच्या मोबाइलवर काय आलं होतं, ते त्याला सांगता येत नाही आणि मलाही नाही. तो मेल मी अजून डिलीट केलेला नाही. पाठवल्याचं मला काही केल्या आठवत नाही. त्याच्या अपघाताचा फोन आला तेव्हा मी बॅट घेऊन मैदानात निघालो होतो, ते मात्र आठवतं.