अजिबात तरास न देणारी पोरगी

आमच्या केंद्रात खेळणी कमी आणि किस्से जास्त. खेळणी मागवायची तर वर कागद पाठवावे लागतात, किस्से मात्र आपसूक एसटीनं येतात! ऑटिझम असलेली दोन-तीन वर्षांची लेकरं आमच्याकडे येतात. त्यांना खेळवत खेळवत मी मागायला, पाहायला, जमलं तर बोलायला शिकवते. लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर खेळते आणि पगार घेते. वाटू द्या. आज फक्त स्वराचं सांगते, कारण तिचे किस्से मला अजून पचलेले नाहीत.

धामणगाव बढ्याहून ती पहिल्यांदा आली तेव्हा अडीच वर्षांची होती. सोबत आई मनीषा आणि आजी. फॉर्म भरता भरता मी विचारलं, "काय त्रास आहे?"

मनीषा म्हणाली, "तरास? अजिबातच तरास देत नाही, म्हणूनच तं आणली! रडत नाही, मांगत नाही, कोनाच्या मांगं लागत नाही. असं लेकरू असते का हो मॅडम?"

शेजारपाजारचे म्हणायचे, किती गुणाची पोर! धास्ती वाटली ती एकट्या मनीषाला. आजींचं आपलं वेगळंच. "शेगावले महाराजांले सांगून आलो. आता तुम्हाले सांगून राह्यलो. दोघं मिळून पाहा!"

मी म्हटलं, "बरं आजी. पण माझ्याकडे दर मंगळवारी न् शुक्रवारी यावं लागेल."

*

पहिलं काम मी असं दिलं. स्वराला काय हवं ते ओळखलं तरी लगेच देऊ नका. थांबा. तिला मागू द्या, बोटानं, आवाजानं, कसंही.

आजी भडकल्या. "लेकराले पान्यासाठी वाट पाहाले लावाचं? अवो, आमच्या घरी पाव्हन्यालेबी पानी मांगा लागत नाही!"

खरंच होतं ते. घरात सात माणसं. पोरीनं माठाकडे नुसतं पाहिलं की तिघं पेले घेऊन हजर! आमच्याकडची माया अशीच, मागायची वेळच येऊ देत नाही. आणि तीच मी मोडायला निघाले होते.

तोड काढली आजोबांनी. मुरमुऱ्याची काचेची बरणी स्वरासमोर ठेवायची आणि झाकण घट्ट लावायचं, म्हणजे ती कुणाकडे तरी घेऊन जाईल. झाकण त्यांनीच लावलं. दोन दिवसांनी स्वरानं खरंच बरणी उचलून आजीच्या मांडीवर ठेवली. आणि झाकण उघडेना! आजींना नाही, मनीषाला नाही, खुद्द आजोबांनाही नाही. जन्मात पहिल्यांदा पोरगी काहीतरी मागत होती, आणि सात माणसांना ते देता येईना! शेवटी दारामागे नेऊन बरणी फोडली आणि नवे मुरमुरे आणले.

*

रोज काय घडतं ते वहीत लिहा, असं मी सांगितलं होतं. मनीषा शेतातून यायची ती अंधार पडताना, म्हणून वही आजोबांकडे गेली. ते ग्रामपंचायतीतले निवृत्त लिपिक. महिन्यानं वही उघडली तर पंचनामाच!

"सकाळी आठ वाजता सदर मुलीस हाक मारली असता वळली नाही. साडेआठ वाजता पुनश्च हाक मारली असता वळली नाही." खाली सही. त्याखाली दोन साक्षीदारांच्या सह्या!

मी खो खो हसले. मग पुढची पानं उलटली. पानोपानी तेच, वळली नाही, वळली नाही. म्हातारा माणूस रोज पाच-पाच वेळा नातीला हाक मारत होता आणि एकही नोंद खोटी लिहीत नव्हता. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. वही मिटून ठेवली.

*

बरणीनंतर स्वरा मागायला लागली. मनीषाचं मनगट धरायची, ओढत न्यायची आणि तो हात हव्या त्या वस्तूवर ठेवायची. मी खूश! मनीषा नव्हती.

"मॅडम, ते माह्या हाताले वळखते, मले नाही. तोंडाकडं एकदाबी पाह्यत नाही. माह्या जागी कोनाचाबी हात असला तरी चालते तिले."

"हळूहळू होईल," मी म्हटलं.

"बोलनं, शाळा, ते जाऊ द्या. मी तिची माय आहो, हे तिले समजते का? एवढंच सांगा."

इतकी वर्षं मी आयांना 'हळूहळू' वाटत आलेय. तेव्हा मात्र पुन्हा म्हणवेना. "मला माहीत नाही," असं सरळ सांगून टाकलं. ती पोरीला चप्पल घालायला लागली. गेली ही, आता काही येत नाही, असं वाटलं. पण शुक्रवारी पहिल्या गाडीनं हजर!

*

मग एका मंगळवारी मनीषाला ताप आला. आजी एकट्याच स्वराला घेऊन आल्या. खेळ नीट झाला. संपल्यावर स्वरा बाहेर व्हरांड्यात गेली. तिथं बाकड्यावर पाच आया बसलेल्या. स्वरा पहिलीसमोर उभी राहिली आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसरीच्या. मग तिसरी, चौथी, पाचवी. आणि पुन्हा पहिलीपासून! एकीनं हात पुढे केला, तो तिनं बाजूला सारला.

"चाल वं बाई, गाडी जाईन," आजी म्हणाल्या. पोरगी हलेना. फेऱ्या सुरूच. आजींनी पदर तोंडाला लावला. मी मनीषाला फोन लावला.

"मनीषा, अगं, ती तुला शोधतेय!"

तिकडून हळूच, "तोंड पाहून?"

"तोंड पाहून. एकेकीचं!"

"किती वेळ?"

"वीस मिनिटं झाली. अजून सुरूच आहे."

ती रडत होती, मला ऐकू येत होतं. मग नाक ओढून म्हणाली,

"मंग शुक्रवारीबी मी येत नाही!"