उजव्या हाताला समुद्र

नर्मदेपासून एवढ्या दूर राहून नर्मदेची पायी परिक्रमा पूर्ण करणारा, माझ्या पत्नीच्या मामांसारखा दुसरा मनुष्य पृथ्वीवर नसावा. हे विधान मी सहसा कोणापुढे करत नाही, कारण ऐकणारा लगेच पुढचा प्रश्न विचारतो आणि मला त्याचे उत्तर नीट देता येत नाही. मामा राजापूरकडचे. एका देखभाल कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून ते कुवेतला आले, फोरमन झाले आणि फरवानियातल्या एकाच खोलीत, बदलत्या पाच जणांच्या सोबतीने, एकतीस वर्षे राहिले. आमचे घर तेथून दोन गल्ल्या पलीकडे. ‘नोकरी संपली की दोघं परिक्रमेला जाऊ,’ असा शब्द त्यांनी गावी मामींना दिला होता. नोकरी दर वर्षी संपायची आणि दर वर्षी वाढायची. अखेर मामींच्या गुडघ्यांनीच हात टेकले. डॉक्टरांनी त्यांना जिना चढायलाही मनाई केली. तेव्हा मामांनी ठरवले की कायमचे घरी परतण्याआधी दोघांच्या वाटची परिक्रमा आपण येथेच चालून पुरी करायची.

परिक्रमेचा मुख्य नियम असा की, नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवायची आणि तिचे पाणी कधी ओलांडायचे नाही. कुवेतमध्ये नदी नाही, म्हणून मामांनी समुद्र घेतला. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, ते पहाटे सालमियाला जात आणि समुद्र उजवीकडे ठेवून किनाऱ्याने शहराच्या दिशेने चालू लागत. चालत परतले असते तर समुद्र डावीकडे आला असता, म्हणून परतीला बस. आमची मुलगी एकदा म्हणाली, “बट आजोबा, दॅट्स जस्ट द सी.” मामा शांतपणे म्हणाले, “नर्मदा शेवटी जाते कुठं? समुद्रात. मी तिच्याकडं मागल्या दारानं जातोय, एवढंच.”

पांढरा कुर्ता-पायजमा, हातात काठी, कमरेला नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली, अशा थाटात ते निघत. किनाऱ्यावर फिरायला येणारे एक वृद्ध कुवेती गृहस्थ त्यांना ‘हाजी’ म्हणत आणि कोठे निघालात, असे विचारीत. मामा दर शुक्रवारी एकच उत्तर देत, “नर्मदा.” नर्मदा ही कोणी आजारी नातेवाईक असावी, असा त्या गृहस्थांचा समज झाला. त्यांनी एकदा तिच्यासाठी खजुराचा डबा दिला आणि तिच्या प्रकृतीसाठी दुआ केली. मामांनी तो डबा कपाळाला लावून घेतला. उन्हाळ्यात काय करणार, हा माझा प्रश्नही त्यांनी सहज निकालात काढला. परिक्रमावासी चातुर्मासात एके जागी मुक्काम करतात, म्हणून मामाही थांबत. “हा नियम करणाऱ्यानं कुवेत बघितलं असणार, जावईबापू,” असे ते म्हणत.

परिक्रमावासी काही मागत नाही, मिळेल ते खातो. त्यामुळे दुपारी ते आमच्या दारात येऊन “नर्मदे हर” म्हणत आणि छताकडे पाहत उभे राहत. ज्या दिवशी मासे नाहीत तो दिवस दुखण्याचा, असे मानणारा हा माणूस शुक्रवारी वरणभातावर राही. ही विचारी, “मामा, भात वाढू?” ते म्हणत, “मी सांगायचं नसतं गो. तू वाढायचंस, मी नको म्हणायचं, तू ऐकायचं नाय.” जेवणाआधी मामींना फोन होई. मामींकडे परिक्रमेच्या वाटेचे एक जुने पुस्तक होते. मामा किती चालले ते सांगत आणि मामी पुस्तकावर बोट ठेवून मुक्काम सांगत. “आज महेश्वरला पोचलात. घाट मोठा हाय, पाय धुवा.” मग मामा आमच्या न्हाणीघरात जाऊन महेश्वरच्या घाटावर पाय धूत.

अशी चार वर्षे गेली आणि मामांची नोकरी खरोखरच संपली. तिकीट निघाले. परिक्रमेचेही नेमके चारच शुक्रवार उरले होते. त्याच आठवड्यात कंपनीने त्यांना एका तातडीच्या कामासाठी गाडीत घातले. मामांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा गाडी खाडीवरच्या त्या लांबलचक पुलावर होती आणि दोन्ही बाजूंना पाणी होते.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले ते चपला काढायचेही विसरून. “खंडित झाली, जावईबापू. पाणी ओलांडलं मी. आता पहिल्यापासून चालायचं, तर दिवस कुठायत?” झोपेत घडलेले धरत नसावेत, असे काहीसे मला म्हणायचे होते, पण माझा अधिकार काय, म्हणून मी नुसता पाण्याचा पेला पुढे केला. हिने सरळ मामींना स्पीकरवर फोन लावला.

मामींनी सगळे ऐकून घेतले. “खारं पाणी होतं?” त्यांनी विचारले.

“खारंच. समुद्र तो,” मामा म्हणाले.

“मग रडता कशाला? नर्मदा समुद्राला मिळते तिथं सगळेच होडीत बसतात. त्याबिगर पल्याडच्या काठाला जाणार कसे? पुस्तकात लिवलंय.”

मामा म्हणाले, “हे तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्हाला होडी कुठनं गावणार होती? म्हणून ते पान मी वाचलंच नाय.”

“आणि मला तसाच पुढं चालवलास?”

“चालत होतात ना? चाला आता.”

शेवटच्या शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. मामींच्या पुस्तकातल्या अंतराच्या हिशेबाने ओंकारेश्वर, म्हणजे परिक्रमेचा शेवट, शहरातल्या मासळीबाजाराच्या अलीकडे, एका दगडी बाकापाशी येत होता. किनाऱ्यावरचे उंच मनोरे मागे पडले तोवर मामा माझ्यापुढे होते. बाक दिसू लागला तसे ते रेंगाळले. बुटाची नाडी त्यांनी तीनदा बांधली.

“पाय दुखताहेत का, मामा?”

“पायांना काय धाड भरली.” ते काठीवर रेलून उभे राहिले. “एकतीस वर्षांत तिला मी सुट्टीतला पाहुणा म्हणूनच ठाऊक. महिनाभर लाड करायचे आणि एअरपोर्टला धाडायचं. आता रोजचा मी तिला चालंन का, सांगा बघू.”

मी म्हणालो, “बाक जवळच आहे, मामा.” ते हसले, आणि आम्ही उरलेली वाट बरोबरीने चाललो. बाकावर बसून त्यांनी फोन लावला.

“पोचलो गो.”

“बसलात?”

“बसलो.”

“मग या आता घरी,” मामी म्हणाल्या.

त्यानंतर पलीकडून मामी काही बोलल्या नाहीत आणि अलीकडून मामाही. मात्र फोन दोघांपैकी कोणीच ठेवेना. मी उठलो आणि जरा लांब जाऊन उभा राहिलो.