फुगीर खापर आणि आमचे भटूकाका

आमच्या भटूकाकांना अख्खं नंदुरबार ‘येडा मास्तर’ म्हणायचं. म्हणेना का! पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. शाळेत गणित शिकवून घरी आले, की हा माणूस गोल जागेची भूमिती वाचत बसायचा. सपाट जागेचे नियम फुगीर जागेवर चालत नाहीत, हे सांगायला त्यांना कुणीही चालायचं. ऐकणारं मात्र मिळायचं नाही.

लेकीच्या, मंगलाच्या, सासरी दोंडाईच्याला जाऊन त्यांनी हेच लावलं. टरबुजावर त्रिकोण काढला आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन करून दाखवले. व्याही पोट धरधरून हसले. झालं! काकांना मिरच्या झोंबल्या.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरचं माणूस घ्यायला गेल्याशिवाय लेक येत नाही. काका म्हणाले, “त्यांनी आणून सोडावी.” अहो, असं कुठं असतं का? दोन आखाज्या मंगलाशिवाय गेल्या. भिकुबाईकाकू मांडे करायची आणि पदरानं डोळे पुसायची.

तिसऱ्या आखाजीच्या आदल्या दिवशी काकूचं मांडे भाजायचं, चुलीवर पालथं घालायचं मातीचं खापर फुटलं. नवं आणलं ते जास्त फुगीर निघालं. नेहमीएवढाच मांडा हातावर वाढवून तिनं त्यावर पालथा टाकला, तर कडेला ह्या चुण्या! काकू करवादली. काका मात्र आनंदानं धावतच आले.

“अगं, जागा जितकी फुगीर, तितका माथ्यापासून तेवढ्याच अंतरावरचा घेर कमी. तुझ्या मांड्याची कड जास्त होते, म्हणून चुण्या. आता समज, दोन मुंग्या खापराच्या कडेवरून शेजारी शेजारी सरळ वर निघाल्या. वळायचं नाही कुणी. तरी माथ्यावर भेटतातच! पाटावर सोडशील तर अंतर तेवढंच राहील. घोड्याच्या खोगिरावर तर लांब लांब जातील.”

काकूनं जन्मात पहिल्यांदा सगळं ऐकून घेतलं. मग पिठाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, “मुंग्या चालन्यात म्हनीसन भेटन्यात ना? मंग तुम्ही का बरं बसी ऱ्हायनात? जा, पोरले घर लई या!”

मला वाटलं, आता हे भडकणार. पण काकांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि तडक स्टेशन गाठलं.

दुसऱ्या दिवशी मंगलाला घेऊनच आले. अंगणातच मायलेकी गळ्यात पडल्या. काका ओसरीवर बसले आणि एकदम रडायला लागले. मंगलाच्या सासूनं त्यांना सांगितलं होतं, दोन्ही आखाजींना पोर सकाळीच गाठोडं बांधून दारात बसली होती, दिवेलागणीपर्यंत.